तेल्हाऱ्याच्या फलकावरचे शब्द

"नितेशनंच मजकूर बदलला, असं अख्खं गाव म्हणून राहिलं," गजाला फरजानाला म्हणाली. "त्याच्या घरावर दगड पडले. मले खरं काय ते पाहिजे."

गजालाची अकोल्यात छोटी कंपनी होती. गावोगावच्या विजेच्या फलकांवर ती शेतीचे इशारे पाठवी. बोंडअळीच्या त्या वर्षी लोक फलक वाचूनच फवारणीला निघत. सोमवारी तिनं पाठवलं होतं, 'वारा जोरात. फवारणी टाळा.' तेल्हाऱ्यात उमटलं, 'वारा मंद. फवारणी करा.' तिथल्या चंद्रभान या शेतकऱ्यानं फवारलं. औषध अंगावर उडालं आणि तो दवाखान्यात पोचला.

अमरावतीची खासगी गुप्तहेर फरजाना आणि तिचे सोबती, निवृत्त वकील भगवंतराव, आधी तेल्हाऱ्याला गेले.

"म्या काहून बदलू?" फलक सांभाळणारा नितेश कळवळला. "फलक तं दुरुस्तीले गेला होता. रविवारीच परत लावला."

"त्यानंतर आणखी काय उमटलं?"

"डोळ्यांच्या शिबिराची सूचना. 'डॉ. माणिकबाई ढोरे तपासतील. सोयाबीन सोबत आणा.' लोक हासले. आणायचं होतं आधार कार्ड!"

"डॉक्टरांचं नाव?"

"एकदम बरोबर."

भगवंतराव चक्रावले. डोळे तपासायला सोयाबीन कशाला?

फरजानानं बाळापूरचा फलक सांभाळणाऱ्याला फोन लावला. तिथं दोन्ही संदेश अचूक उमटले होते.

अकोल्यात गजालाच्या कंपनीतला उसामा भेटला. संदेश दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, त्यानंच लिहिली होती.

"नेहमीच्या शब्दांचा कोश आमच्याकडं असतो, फलकातही असतो," तो खुशीत सांगू लागला. "शब्दाऐवजी त्याचा नंबर जातो. कोशात नसलेला शब्द अक्षरं जोडून जातो. गेल्या आठवड्यात काही शब्दांचे नंबर बदलून सगळीकडं नवा कोश पाठवला. कोणता कोश वापरला, ती खूण प्रत्येक संदेशात जायची. तीही काढली. संदेश आणखी लहान झाला!"

"म्हणजे शब्द जातच नाही?" भगवंतरावांनी डोकं धरलं.

फरजानानं सगळ्यांना गजालाच्या कचेरीत बसवलं.

"फवारणीबद्दल कोणी खोटं लिहील. पण आधार कार्डाचं सोयाबीन करून कोणाला काय मिळणार? डॉक्टरांचं नाव शाबूत राहिलं, कारण ते कोशात नव्हतं. बिघडले ते फक्त कोशातले शब्द, तेही नंबर बदललेले. नवा कोश गेला तेव्हा तेल्हाऱ्याचा फलक दुरुस्तीला होता. तो जुनाच कोश घेऊन परतला. अकोल्यानं नव्या कोशातला नंबर पाठवला, फलकानं जुन्या कोशात त्या नंबरावरचा शब्द दाखवला."

"पण फलकाला कळलं कसं नाही?" भगवंतराव अजून गोंधळलेलेच.

"कळण्याची सोय म्हणजे ती खूण. ती असती, तर कोश जुळत नाही म्हणून फलक कोरा राहिला असता."

उसामाचा चेहरा उतरला. "मी तर थोडी जागा वाचवून राहिलो होतो..."

गजालानं सगळे फलक बंद करायला लावले. नितेश उठून गावाकडं निघून गेला.

उसामा दवाखान्यात चंद्रभानच्या खाटेशी उभा राहिला. त्यानं काहीही न लपवता सांगितलं.

"तुमचं कोश-बिश मले समजून नाही राहिलं," चंद्रभान धापा टाकत म्हणाला. "चूक कोनाची?"

"माझी, काका."

"मंग मले काय सांगतं? गावात जा. नितेशच्या दारासमोर उभा राहून सांग."

उसामा खाली मान घालून बाहेर पडला. दुपारच्या एसटीनं तो तेल्हाऱ्याला निघाला.