अठ्ठ्याहत्तर किलोंची दीपमाला

झिप कमरेच्या वर चार बोटं आली आणि अडकली. मग ती वरही जाईना, खालीही येईना.

तो काळा रबरी वेटसूट अंगावर चढवायला दीपमालाला पंचवीस मिनिटं लागली होती. चेंजिंग रूमवरची बाई चहाला गेलेली. तेव्हा दीपमाला पाठ भिंतीला लावून, जणू काही भिंतच तिच्या आधाराने उभी आहे अशा रुबाबात, जलतरण तलावाच्या व्हरांड्यात उभी होती. एवढ्यात समोरून एक लुकडा, चष्मेवाला माणूस आला.

"अहो... जरा मागची झिप ओढता का?"

तो थबकला. "ओढतो की. डोळे मिटू का?"

"मिटलेत तर मलाच चिमटा बसेल."

"मग अर्धे मिटतो."

ती वळली. त्याने अर्धे डोळे मिटून जोर लावला. "श्वास सोडा."

"सोडलाय."

"आणखी थोडा?"

"मी माणूस आहे हो, फुगा नव्हे!"

तो हसला. हसताना त्याची बोटं जरा हलली आणि झिप सर्रकन वर गेली. "झालं. मी विश्वजीत. अमरावतीचा. सदाशिव पेठेत क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो."

"एवढं सगळं एका दमात?"

"अनोळखी बाईच्या पाठीशी उभं असताना ओळख लवकर देऊन टाकलेली बरी."

पुण्याला समुद्र नाही. पण नसलेली गोष्टसुद्धा पुण्यातच नीट शिकवली जाते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा असल्यामुळे खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या त्या तलावात दर शनिवारी सकाळी स्कूबा डायव्हिंगचा वर्ग भरायचा. शिकवणारे महिपती सर. आयुष्याची वीस वर्षं पाण्याखाली काढल्यामुळे वर आल्यावरही ते कमीच बोलायचे. इथे प्रत्येकाला एक जोडीदार असतो. पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचा पट्टा, हवेचं जाकीट, सिलिंडरची तोटी सगळं तपासायचं, आणि खाली गेल्यावर एकमेकांवरून नजर हलवायची नाही. दीपमालाची जोडी जमवण्यासाठी तिची मावशी सहा वर्षं झटत होती. महिपती सरांना चार सेकंद लागले.

"तुम्ही आणि तुम्ही," ते म्हणाले, आणि विश्वजीत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

घोळ झाला होता तो फॉर्ममध्ये. 'वजन' या रकान्यात दीपमालाने लिहिलं होतं – अठ्ठ्याहत्तर. हे काही अगदी खोटं नव्हतं, फार तर जुनं होतं. सात वर्षांपूर्वी, पोट बिघडून आठवडाभर पेजेवर काढल्यानंतर, एका मंगळवारी ती खरोखरच अठ्ठ्याहत्तर किलोंची होती.

आता माणसाच्या अंगातली चरबी तरंगते. म्हणून त्याला खाली न्यायला कमरेच्या पट्ट्यात शिशाच्या वड्या अडकवाव्या लागतात. किती अडकवायच्या ते सर कागदावरचं वजन बघून ठरवायचे. अठ्ठ्याहत्तरला चार किलो. चार किलो शिसं बांधून दीपमाला पाण्यात उतरली. बाकीचे सगळे बारा फुटांखाली जाऊन मांडी घालून बसले, आणि ती वर, विसर्जनाला नकार दिलेल्या मूर्तीसारखी, प्रसन्नपणे तरंगत राहिली.

"श्वास धरून ठेवताय," सर म्हणाले. "घाबरताय."

"नाही हो सर, अजिबात नाही."

"अठ्ठ्याहत्तरला चार किलो पुरतात. आकडा खोटं बोलत नाही. माणूस घाबरतो."

दोन शनिवार असेच गेले. दोन्ही शनिवारी विश्वजीत तिच्यासाठी खालून वर आला, तिच्याबरोबर तरंगला, आणि नंतर पायऱ्यांवर बसून त्याने थर्मासमधला चहा तिला दिला. कप एकच होता. त्यामुळे आधी ती प्यायची, मग तो. दुसऱ्या शनिवारी त्याने कप फिरवून घेतला नाही, तिचे ओठ लागलेल्या कडेनेच प्यायला, हे तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"तुम्हाला का हो जायचंय समुद्रात?" त्याने विचारलं.

"शाळेची सहल असो, ऑफिसचा ट्रेक असो... सगळे म्हणतात, दीपमाला, तू बस, सामान सांभाळ. अलिबागला मी एकदा अकरा जणांच्या चपला सांभाळल्यात. एकदा मला आत जायचंय. चपला दुसऱ्या कुणीतरी सांभाळाव्यात."

उरलेला चहा त्याने कपात ओतला आणि कप पुन्हा तिच्याच हातात दिला.

तिसऱ्या शनिवारी सर काठाशी उकिडवे बसले. "शुक्रवारी मालवणची गाडी आहे. घाबरणारं माणूस मी समुद्रात नेत नाही. आज शेवटचा प्रयत्न."

दीपमालाने प्रयत्न केला. फुप्फुसं पार रिकामी केली, इतकी की डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. पाणी हनुवटीच्या वर काही चढलं नाही.

"राहू द्या," सर म्हणाले. "तुम्ही काठावर थांबा. बाकीच्यांचे मोबाइल तेवढे बघा."

मोबाइल! दीपमालाने काठ घट्ट धरला. हातभर अंतरावर विश्वजीत होता, ओले केस कपाळावर, नजर तिच्यावरून न हलवता. हाच एक माणूस इथे नसता तर तिने कधीच सांगून टाकलं असतं. भित्री म्हणून मागे राहायचं, की त्याच्यासमोर तो आकडा...

"सर," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी घाबरत नाही. माझं वजन शहाण्णव आहे."

सरांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

"मग दोन वड्या आणखी. आधी सांगायचं. शिसं काय, ढीगभर पडलंय."

विश्वजीतने दोन वड्या आणल्या. पाण्यात उभं राहून त्याने त्या तिच्या पट्ट्यात एकेक करून सरकवल्या, बक्कल तपासलं, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणाला, "पट्टा बरोबर."

तिने श्वास सोडला... आणि ती खाली निघाली.

सावकाश. कुणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. कानात फक्त स्वतःचा श्वास. निळ्या फरशीवर उन्हाची जाळी हलत होती. तळापासून वीतभर वर ती थांबली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला खुर्ची बारीक, रिक्षा अरुंद, जिना उंच असं काहीच आठवलं नाही. समोर विश्वजीत होता. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे हवेच्या नळीचं तोंड, असताना माणसाला हसता येत नाही. तो मात्र हसला आणि त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं.

वर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "शुक्रवार, दुपारी तीन. गाडी कुणासाठी थांबत नाही."

पायऱ्यांवर दोघं निथळत बसली.

"ऐकलंत ना आकडा?" ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"मला चौऱ्याण्णव आला होता."

"आला होता म्हणजे?"

"गणितात. पहिल्याच शनिवारी. चार किलो शिसं बांधून तुम्ही किती बाहेर राहता त्यावरून..."

"दोन किलो कमी आला."

"दोन किलो सभ्यता म्हणून वगळले होते."

तिला हसू आलं. मग एकदम राग आला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? तीन शनिवार ते मला भित्री म्हणतायत आणि तुम्ही चहा पाजताय?"

विश्वजीतने नुकताच चढवलेला चष्मा काढला. पुसायला अंगावर कोरडं काहीच नव्हतं, तरी पुसला. "भित्रा मी होतो. मी बोललो असतो आणि तुम्ही पुढच्या वेळी आलाच नसता, तर? आठवड्याचे सहा दिवस मी पोरांना तीच तीच गणितं घालतो. मला... मला शनिवार लागतो आता. तुमच्यासकट."

दीपमालाच्या वेटसूटच्या बाहीतून पाणी टपटपत होतं.

"उद्या रविवार," शेवटी ती म्हणाली. "काय करता रविवारी?"

"काही नाही. कपडे धुतो."

"मग घरी ये. अकरा वाजता." तिने त्याच्या हातावर हात ठेवला, ओल्यावर ओला. "आई आहे, बाबा आहेत, मावशी तर येणारच. वजन कुणी विचारणार नाही. बाकी सगळं विचारतील."

"विचारू दे की," विश्वजीत म्हणाला, आणि हात तसाच राहू दिला.