भारताचा सातवा गडी

देवमन पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याला काहीही लागलेलं नव्हतं. गुडघा शाबूत, कोपर शाबूत. अमरावतीच्या मैदानाच्या कडेला मी कापूस, पट्ट्या आणि आयोडिनची बाटली घेऊन बाकावर बसले होते. सरकारी दवाखान्यातून मला तीन दिवस तिथं ड्यूटी लावली होती.

"कुठी लागलं?" मी विचारलं.

"कुठीच नाई," तो धापा टाकत म्हणाला. "मेलो."

"मेलेल्या मानसाले आयोडिन लावत नसतात."

"मंग बसू तं द्या!"

मी सरकून जागा दिली. याहून जास्त काही त्या दिवशी घडलं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

सामने होते रग्बीचे, प्रत्येक बाजूला सात गडी. सिलोन, मलाया आणि ब्रह्मदेश असे तीन देश आले होते, आणि चौथा आपला. भारताचा संघ कलकत्त्याहून निघाला तो नागपुरात अडकला, कारण निम्म्या खेळाडूंना गालगुंड झालं. पाहुणे तर येऊन बसलेले. तेव्हा व्यायामशाळेचे मोरोपंत मास्तर म्हणाले, "सातच गडी लागतात ना? सात गडी आहेत माझ्याकडे!" आणि त्यांनी अकोल्याच्या एका जिनातला, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातला, हुतूतूचा संघ रातोरात बोलावून घेतला. कापसाच्या गाठी उचलणारी, यंत्रं दुरुस्त करणारी ती माणसं बुधवारपर्यंत जिनाची होती, गुरुवारी भारताची झाली.

मास्तरांनी त्यांना चेंडू मागं टाकत पुढं पळायला शिकवलं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. हुतूतूत ज्याला धरून पाडलं तो बाद, आणि बाद झालेला गडी मुकाट्यानं बाहेर येऊन बसतो. आपल्यापैकी कुणी समोरचा गडी मारला की मग तो जिवंत होऊन आत जातो. रग्बीत असलं जगणंमरणं नाही. पडलं की चेंडू सोडायचा, उठायचं आणि पुन्हा पळायचं. पण हे कुणाला ठाऊक? जो पडे तो इमानानं बाहेर येई. एका वेळी तर भारताचे चार गडी माझ्या बाकावर बसलेले आणि मैदानात जिकडं पाहावं तिकडं मलाया. लोक पोट धरून हसत होते. मास्तर शेंडीपर्यंत लाल झाले होते.

त्या संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांना ओरडून ओरडून नियम सांगितला. शुक्रवारी सिलोनशी सामना झाला, आणि एकही गडी बाहेर आला नाही.

एक आला.

"काल तं मास्तरनं सांगतलं नं?" मी विचारलं.

"सांगतलं." देवमन पायाखालच्या मातीकडं बघत म्हणाला. "पन सवय हाये."

"थे बाकी सहा जनं? त्याईले नाई सवय?"

"थे हुशार हायेत."

मी हसले नाही. त्या दिवसांत मी फारशी हसत नसे, रडतही नसे. आमच्या घरी लग्नाचं चाललं होतं. भुसावळचा रेल्वेतला कारकून मला बघून गेला होता, आणि रविवारी दुपारी त्याची माणसं पक्कं करायला येणार होती. मी होकार दिला नव्हता, फक्त नकार दिला नव्हता. आईला तेवढं पुरेसं होतं. मुलगा चांगला होता. फक्त त्याचा चेहरा आठवायला बसले की मला भिंतच दिसायची. होत असेल असं एखादीला, म्हणून मी त्याचाही विचार करणं सोडून दिलं होतं.

"तुमी काय करता जिनात?" मी विचारलं.

"फिटर हावो. पट्टा तुटला का मले बलावतात... आन् तुमी?"

"दिसते नं."

"दिसते," तो म्हणाला. आणि बघतच राहिला. मग एकदम कानापर्यंत लाजला, चेहऱ्यावरचा घाम बाहीनं पुसला. "लगन झालं तुमचं?"

"रविवारी पक्कं होते."

त्यानं मान हलवली. मैदानातून मास्तरांची हाक आली, तशी तो उठून गेला. आयोडिनची बाटली उघडीच राहिली होती. तिचं बूच मला बराच वेळ सापडेना... ते माझ्या हातातच होतं.

शनिवारी ब्रह्मदेशाशी शेवटचा सामना. आदल्या दोन दिवसांत आपण सपाटून मार खाल्ला होता, पण आज गाडी रुळावर आली होती. या मंडळींना चेंडूचं फारसं कळत नसलं, तरी पळत्या माणसाचा घोटा कसा धरायचा हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ब्रह्मदेशाचे चपळ गडी पटापट आडवे होत होते. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. लोक उभे राहून ओरडत होते, आणि त्याच ऐन वेळी देवमन पडला. डोळ्यापाशी कुणाचं तरी कोपर बसलं होतं. उठला तो सरळ माझ्याकडं चालत आला.

मी ओला कापूस त्याच्या भुवईवर धरला. त्याचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता.

"तुमाले नियम ठाऊक हाये," मी म्हटलं.

"पयल्या दिवशी नोता..."

"आन् काल?"

तो मैदानाकडं बघू लागला.

"आन् आज?"

"आज ठाऊक हाये," तो हळूच म्हणाला. "काल बी होता."

मला तो आवडला होता. इतकं साधं होतं ते. तीन दिवस मी त्याच्या पडण्याची वाट बघत होते, आणि वाट बघते म्हणून स्वतःवर चिडत होते.

"तिकडं सहाच जनं खेयून रायले," मी म्हटलं. "जा बरं आता. लोकं काय म्हनतीन?"

तो गेला, एका डोळ्यानं धावला, दोघांना पाडलंही. तरी शेवटच्या क्षणी ब्रह्मदेशाचा एक पोऱ्या चेंडू घेऊन निसटला आणि भारत हरला. लोकांनी मात्र जिनवाल्यांनाच खांद्यावर घेतलं.

मैदान रिकामं झालं. मी पट्ट्या गुंडाळत होते. देवमन आला आणि जरा लांबच उभा राहिला.

"जातो मी. गाडीची येळ झाली."

"बरं."

"उद्या... थे भुसावळवाले?"

"हो. दुपारी."

"मानूस बरा हाये?"

"बरा हाये."

"मंग... झालं," तो म्हणाला आणि वळला. खरंच वळला! चार पावलं गेलाही. एवढ्या धिप्पाड माणसाला एवढंसं तोंड उघडता येऊ नये? मला असा राग आला की काय सांगू.

"ओ देवमन!" मी ओरडले. "भुसावळवाले दुपारी येऊन रायले. तुमी सकाळी या."

तो थांबला. "कुठी?"

"फ्रेजरपुऱ्यात. माह्या मायचं, दुर्गाबाईचं घर इचारा. माह्यं नाव ललिता. कोनीबी सांगन."

"आन्... येऊन काय सांगू?"

"थे बी मीच सांगू काय?"

रविवारी मी अंगण झाडत होते, तर तो फाटकाशी उभा. कालचाच सदरा, फक्त धुतलेला, अजून ओलसर. डोळा सुजून बंद झालेला. अकोल्याची गाडी त्यानं सोडून दिली होती. आई दारात आली.

"कोन पायजे?"

"जय भीम, मायबाई. मी देवमन. अकोल्याले जिनात फिटर हावो. तुमची ललिता मांगाले आलो."

आई त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळली. "हा काय म्हनून रायला वो?"

"खरं म्हनून रायला."

"आन् तुवं काय म्हननं हाये?"

"माह्यं... हो हाये."

आईनं त्याचा चेहरा नीट न्याहाळला. "डोयाले काय झालं?"

"ब्रह्मदेशानं मारलं," तो म्हणाला.

आई आत गेली. भुसावळच्या पाहुण्यांसाठी तिनं सकाळीच पोहे भिजवून ठेवले होते. तेच फोडणीला टाकून तिनं देवमनपुढं ताटली ठेवली, मग आणखी वाढले, मग आणखी. त्यानं सगळे संपवले. आईनं पुन्हा भिजवले नाहीत.