सातव्या मजल्यावरचे ठोके

दोष दादासाहेबाचा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पोरांनो, तुम्ही शेवटी भुताच्या नावानं बोटं मोडाल.

दादासाहेब म्हणजे मोशीतल्या त्या साइटचा ठेकेदार. माझ्याच वयाचा. आमच्या वयाच्या माणसांना आपला आवाज चढला की आपलंच खरं वाटतं. गणराज त्याचा फोरमन. चिखलीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा, म्हणून मला ठाऊक.

गेल्या वैशाखातली अमावास्या. अमावास्येला बांधकामाला सुट्टी, साइटवर चिटपाखरू नाही. पण नव्या स्लॅबला पाणी मारावंच लागतं, उन्हानं तडकतो. म्हणून जेवण उरकून गणराज निघाला. पंप चालू करायचा आणि परत यायचं, एवढंच काम. पोचला, तर सगळ्या पट्ट्यात लाइट गेलेली. येईल म्हणून तो मालाच्या लिफ्टपाशी टेकला.

महिनाभर आधीच तिथं त्याच्या गावचा ज्योतीराम वारला होता. गणराजनंच त्याला कामाला आणलेलं. सातव्या मजल्यावर एकटाच विटा उतरवून घेत होता आणि छातीत कळ आली. लिफ्टच्या लोखंडी पाइपावर वरून तीन ठोके पडले की 'मला खाली घ्या', ही साइटची खूण. ज्योतीरामनं ठोके दिले. गणराज बटणाकडे वळला, तर दादासाहेब आडवा.

"नाटकं हायेत त्याची. रिकामी लिफ्ट वर जायची न्हाई. आधी विटा भर."

गणराजनं विटा भरल्या. वरून ठोके पडतच होते. लिफ्ट पोचली तोवर थांबले होते.

तर त्या अमावास्येला, अंधारात...

ठक. ठक. ठक.

कुणी टवाळ पोरं चढली असतील म्हणून त्यानं हाक मारली. पुन्हा तीन.

त्यानं बटण दाबलं. लाइटच नाही, लिफ्ट हलणार कशी? जनरेटरची चावी दादासाहेबाच्या घरी. फोन लावला. दादासाहेब म्हणाला, अमावास्येला कमी पीत जा, आणि फोन ठेवला.

काय रे, पळून का नाही आला म्हणतोस? अरे भावा, ओळखीच्या माणसाचा ठोका टाकून येता येतो का? एकदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं त्यानं.

ठोके जलद झाले. मग दुबळे झाले.

"आलो रे ज्योती... आलो."

मोबाइलच्या उजेडात तो जिना चढला. सातवा मजला. विटांची थप्पी. माणूस नाही. वारा नाही. त्यानं पाइपाला हात लावला.

पाइप थरथरत होता.

त्यानं कान टेकवला.

आत...

आत काय ऐकलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "नाना, दुसऱ्यांदाही मला त्याला खाली आणता आलं नाही."

सकाळी आम्ही शोधत गेलो. तो तिथंच बसलेला. त्यानं कान लावला होता तिथं पाइपाला तीन टेंगळं आली होती. बाहेरून मारलं तर लोखंड आत दबतं. हे बाहेर आलेलं... आतून. दादासाहेबानं दुपारच्या आत तो पाइप कापून भंगारात घातला.

गणराजचा उजवा कान कायमचा गेला, आणि फोरमनचं काम गेलं.