काचेवरचं नाव

दार लोटून घे रं स्वप्नील, आणि तो मोबाईल पालथा ठेव, उजेड डोळ्यांत घुसतो. चंद्रोदय टॉकीज पाडलं, बरं झालं, जागा मोकळी झाली, असं म्हणत होतात ना? म्हणा. पण आधी हे ऐका. आपल्या कुंभिवलीच्या टेंपोवाल्या नामाचं हाय. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि नामा थापा मारणाऱ्यातला नाय. तेवढी अक्कलच नाय त्याला.

गेल्या कार्तिकातली, त्रिपुरी पौर्णिमेची आदली रात्र. नेरळकडच्या कुणा फार्महाऊसवाल्याला टॉकीजच्या जुन्या लोखंडी खुर्च्या हव्या होत्या, शोभेला. लोकांना कशाची शोभा वाटेल, सांगता येत नाय. सकाळी जेसीबी लागणार, तेव्हा खुर्च्या त्याच संध्याकाळी उचलणं भाग होतं. घरी नामाची आई इंदूबाई अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरने हात टेकून घरी पाठवलेली. निघताना तिने त्याचा शर्ट धरला.

"कुठं चाललास?"

"कर्जतला, आये. दिवेलागणीला येतो."

"माझ्या तोंडात पाणी तूच घालायचं हां."

"घालीन गं. आता गप पडून रहा."

उशाशी त्याची बायको हर्षला बसली, आणि हा निघाला.

आता ही इंदूबाई म्हणजे त्याच टॉकीजात बायकांच्या दारावर तिकिटं बघायला उभी राहणारी बाई. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली तिची. काचा करायचं कामही तिचंच. काचा म्हणजे काय, ते तुम्हाला कुठलं ठाऊक असणार! तेव्हा फोन नव्हते. कुणाच्या घरी बरंवाईट झालं की माणूस धावत टॉकीजवर यायचा. इंदूबाई कंदिलाच्या धुरावर काचेचा तुकडा धरायची. काजळी बसली की बोटाच्या नखाने तिच्यावर नाव ओढायची. मशीनवाला नागू ती काच सिनेमाच्या मशीनला लावायचा, आणि भर सिनेमात पडद्यावर अक्षरं यायची. अमक्या गावचे तमके, बाहेर या. का, ते कधी लिहीत नसत. ज्याचं नाव, तो अंधारात चपला शोधत दाराकडे पळायचा.

नामाचा बाप गजा, त्याचंही एकदा नाव आलं. पडद्यावर हाणामारी रंगात आलेली. म्हणाला, "इंटरवलला उठतो." इंदूबाईने अंधारातून येऊन त्याचा खांदा हलवला, तर त्याने तिचा हात झटकला. इंटरवलला बाहेर आला, तोवर त्याची आई गेली होती. पाणी शेजाऱ्याने पाजलेलं. तेव्हापासून इंदूबाईचं घरात एकच पालुपद: "काचेवर नाव आलं की उठायचं. का म्हणून विचारायचं नाय."

हसू नकोस सुप्रिया. पुढे ऐक.

नामा पोचला. राखणदार लडकूने कुलूप काढून दिलं आणि तो चहाला गेला. आत वीज नाही, केव्हाच तोडलेली. मशीन भंगारात गेलेलं. पडदा कुणीतरी फाडून नेलेला, मागची चुन्याची भिंत तेवढी उरलेली. नामाने बॅटरी टेकवून ठेवली, पान्याने नट सोडवायला लागला. एकेक खुर्ची टेंपोत टाकत होता. फोन टेंपोतच, चार्जिंगला. बाहेर अंधारलं तरी हा आतच. शेवटची रांग संपत आली होती.

भिंत उजळली.

पिवळट चौकोन. कडेने थरथरणारा. त्यात अक्षरं.

कुंभिवलीचे नामा, बाहेर या.

"लडकू! माकडचाळे बस कर रं. केस पिकले तुझे."



नामाने मागे वळून मशीनच्या खिडकीकडे बघितलं. काळी ठिक्कर. उजेड तिथून येतच नव्हता. भिंतीवर मात्र होता.

"दोनच खुर्च्या राहिल्यात," तो पुटपुटला. "एवढ्या काढतो, मग उठतो."

म्हणाला, आणि त्याला बापाचं इंटरवल आठवलं. पण हात पान्यावरून निघेना. सकाळी जेसीबी येणार होता ना...

अक्षरं गेली. दुसरी आली. आता गावाचं नाव नव्हतं. 'या' नव्हतं.

नामा. ऊठ.

पाना थांबला.

रॉकेलचा वास आला. कंदिलाचा...

खांद्यावर हात पडला.

हाडकुळा. हलका. एकदाच हलवलं त्याने.

नामाने तो झटकला नाही. उठला. मागे बघितलं नाही. पाना तिथेच, बॅटरी तिथेच. अंधारात जमिनीत उरलेल्या बोल्टांना ठेचा खात दारापर्यंत आला, तर समोरून लडकू येत होता, हातात चहाचा ग्लास.

"तुझ्यासाठी आणला रं. असा पांढराफटक का पडलास?"

"तू... आत व्हतास?"

"मी? आत्ता तर येतोय."

टेंपोत फोन वाजत होता.

"अवो, कवापासून लावतेय," हर्षलाचा आवाज फाटलेला. "त्यांचं लक्षण ठीक नाय. या."

चौक फाटा कधी गेला, हायवे कधी लागला, त्याला ठाऊक नाही. मागे खुर्च्या खडखडत होत्या. एकदाही त्याने आरशात बघितलं नाही.

इंदूबाईचे डोळे दाराकडे लागलेले. नामा आत आला तशी तिने ओठ हलवले.

"उठलास?"

'आलास' नाही रं. 'उठलास.'

त्याने चमच्याने पाणी घातलं. पहिला चमचा घशाखाली उतरला. दुसरा ओघळला...

मग शेजारच्या बायका जमल्या. आंघोळ घालायला हर्षलाने सासूचा उजवा हात गोधडीतून बाहेर काढला. काढला आणि तशीच बसून राहिली.

"दुपारीच पुसून ठेवला व्हता मी," ती म्हणाली. "तवापासनं हलला नाय. मी इथंच बसलेय."

घरात गॅस. कंदील कित्येक वर्षांत कुणी पेटवलेला नाही.

म्हातारीचं पहिलं बोट काळं झालं होतं. नखात काजळी भरलेली. ताजी.