सातव्या प्रकरणातली बाई

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची एकच खोली, सगळ्यांना मिळून. त्या गुरुवारी सहाची वेळ माझी होती. सहा वाजून गेले तरी आधीच्याचे कपडे मशीनमध्येच... आणि तो बाकावर बसून वाचतोय.

"तुमचं मशीन कधीच थांबलंय," मी म्हणाले.

"सॉरी. एवढं प्रकरण संपवतो म्हटलं..." त्याचे कान लाल झाले.

ओतसो, तिसरा मजला. त्यानंतर दर गुरुवारी तो कपडे वेळेवर काढायचा, पण वर जायचा नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातला नोव्हेंबर, तळघराच्या खिडकीवरून ओला बर्फ घसरत राहायचा आणि आम्ही सध्या काय वाचतोय यावर वाद घालायचो.

"प्रवासवर्णनं वाचून तिकिटाचे पैसे वाचवता तुम्ही," तो म्हणायचा.

"आणि तुम्ही कादंबऱ्या वाचून प्रेमात पडायचं वाचवता."

"ते... नाही जमलं," म्हणत त्यानं साबणाचा डबा उगाच सरळ केला.

चौथ्या गुरुवारी तो त्याच्या सगळ्यात आवडत्या लेखकाचं पुस्तक घेऊन आला. मुखपृष्ठावरचं नाव बघून माझा हात थांबला. केल्लोसारी.

"सातवं प्रकरण वाचाच. ती बायको पाळण्याकडे पाठ करून दिवसभर बसून असते ना... तिचा राग येतो आणि कीवही. असं लिहिणारा दुसरा नाही."

"ती माझी आई," मी म्हणाले. "पाळण्यात मी आहे."

त्यानं पुस्तक मिटलं.

"बाळंतपणानंतर ती आजारी होती. ते माझ्या वडिलांनी लिहिलं नाही. ते आम्हाला सोडून गेले आणि मग हे पुस्तक गाजलं. दुकानात आई शिरली की बायका गप्प व्हायच्या."

आता तो पुस्तक फेकून देईल असं वाटलं. त्यानं तसं करावं, असंही वाटलं.

"सहा वेळा वाचलंय मी," तो हळू म्हणाला. "आता आवडत नाही म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ते खोटं होईल, विल्या."

ओले कपडे तसेच टोपलीत कोंबून मी वर आले.

दोन गुरुवार मी खाली गेले नाही. नंतरच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ओतसो, रिकाम्या हातांनी.

"ते प्रकरण परत वाचलं," तो म्हणाला. "घरात तान्हं बाळ आहे, पण ते एकदाही रडत नाही. लिहिणारा घरी नसणारच... सहा वेळा वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं."

मी दार अर्धवट धरून ठेवलं.

"पुस्तक अजून आवडतं मला. पण तुमच्या आईबद्दल मी फक्त त्यांचंच ऐकलंय. तुमच्याकडून ऐकायचं होतं... सांगावंसं वाटलं तरच."

जिन्यातला दिवा ठरल्या वेळानं आपोआप विझला. त्यानं तो पुन्हा लावला नाही, नुसता उभा राहिला.

"बरी झाल्यावर ती मला रोज वाचून दाखवायची," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "सगळ्या पात्रांचे आवाज काढून. फार वाईट काढायची."

तो हसला नाही. ऐकत राहिला.

मी दार पूर्ण उघडलं. "बूट काढ, ओतसो. सांगायला वेळ लागेल."