चार मिनिटं कोणाचंच नसलेलं विमान

गडचिरोलीहून अहेरीला निघालेल्या बसमध्ये खिडकीशी माझी नात दिव्यानी, मधे मी, आणि कडेला एक उंच, सावळा मुलगा.

चामोर्शी मागे पडली, तेव्हा दिव्यानी त्याला म्हणाली, "तुमची पिशवी आजीच्या पायाले लागून राह्यली. उचला जरा."

"ओके," तो म्हणाला. पिशवी तिथेच.

तो आवाज ऐकून दिव्यानी ताठ झाली. "तुमी... नदीपलीकडच्या सेंटरवर आहा?"

त्याने चमकून पाहिलं. "आणि तुमी ओरडणाऱ्या मॅडम?"

सांगते. दिव्यानी जमिनीवर बसून, पडद्यावर बघून विमानांना वाट दाखवते. प्राणहिता ओलांडली की विमान पलीकडच्या राज्यातल्या केंद्राचं. त्याआधी हिने फोनवर विमानाचं नाव, उंची, वेळ सांगायची, आणि तिकडच्याने ते सगळं परत म्हणून दाखवायचं. मगच विमान त्याचं. चार महिने तिकडचा एक जण नुसतं "ओके" म्हणून फोन ठेवायचा, आणि ही दातओठ खात पुन्हा लावायची.

मागच्या मंगळवारी हिच्याकडे विमानांची गर्दी होती, वदवून घ्यायचा तो दुसरा फोन राहिला. हिला वाटलं, दिलं. त्याला वाटलं, अजून यायचंय. पायलटला ही म्हणे त्याच्याशी बोल, तो म्हणे परत तिच्याशीच बोल! चार मिनिटं विमान कोणाचंच नव्हतं. वाईट काही झालं नाही, पण येत्या सोमवारी हिला लेखी जबाब द्यायचा होता.

"परत काऊन म्हणत नाई तुमी? तोंड दुखते?"

"पहिल्या दिवशी विसरलो. मग तुमी पुन्हा फोन केला..." तो खिडकीबाहेर, म्हणजे खरं तर तिच्याकडे, बघू लागला. "मग रोजच विसरू लागलो."

मधे मी! मी आपली बसच्या छताकडे बघत बसले.

दिव्यानीचे कान लाल झाले. मग आवाज खाली आला. "वर दीडशे माणसं होती."

त्याचं हसू गेलं. "हो."

"सोमवारी मी खरं लिहीन. माझा दुसरा फोन राहिला, तेही."

"लिहा," तो म्हणाला. आलापल्लीला उतरताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, मुलगा गेला हातचा.

तिने लिहिलं. हिला ताकीद मिळाली. त्याला पंधरा दिवस कामावरून बाजूला केलं, वर पुन्हा परीक्षा. पुढच्या शनिवारी दिव्यानी माझ्याकडे अहेरीला आली, ती तांदूळ निवडायच्या ताटात नुसती बोटं फिरवत बसली.

"आजी, मी बरोबरच केलं ना?"

"केलं."

"मग असं काऊन वाटते?"

तेवढ्यात दारात आवाज आला. "जय भीम, आजी. मी अश्वजित, बसमधला. घर विचारत आलो."

दिव्यानी उठून उभी राहिली. "रागावले नाई तुमी?"

"दोन दिवस रागावलो. मग वाटलं, स्वतःचं चुकलं तेही जी लिहून देते, तिच्यासंगं... जन्मभर भीती नाई." तो घुटमळला. "आणि सध्या मले कोणी विमान देत नाई. लग्नाचं बोलाले यापेक्षा निवांत वेळ कधी भेटल?"

दिव्यानीने तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"परीक्षा कधी आहे?"

"बुधवारी."

"अभ्यास?"

"...नाई झाला."

"मग इथी काय करून राह्यले! पुस्तक आणलं? काढा. मी विचारते."

तो मुकाट्याने पुस्तक काढून ओसरीवर बसला. दिव्यानी आत आली, चेहरा लपवत, आणि हळूच म्हणाली, "आजी, तांदूळ थोडे जास्त टाक."