भिंतीवरचे अर्धे नान

१४ नोव्हेंबर २०२२, सोमवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. उझबेकिस्तानातल्या नमनगानजवळच्या एका मोहल्ल्यातील साठ मुलांच्या मुलाखतींची पहिली फेरी पूर्ण झाली होती. मानसशास्त्राची संशोधक नोझिमा धुक्यात परतीच्या बसची वाट पाहत असता समोरच्या दारातून एक उंच तरुण तरातरा बाहेर आला.

"नान उतरवायला लावणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"मी? मी कुणाच्या नानला हातसुद्धा लावला नाही!"

"हात नाही, जीभ लावलीत. शाळेच्या सभेत म्हणालात ना, ज्या घरात अर्धं नान टांगलेलं असतं, तिथली मुलं जास्त उदास असतात? आईनं ते ऐकलं आणि घरी येऊन भावाचं नान भिंतीवरून काढलं!"

नोझिमाला इथली रीत ठाऊक होती. परदेशी निघालेला माणूस नानचा एक घास खातो आणि उरलेले 'अर्धे' नान त्याच्या परतीपर्यंत भिंतीवर राहते. ते उतरवणे म्हणजे त्याची वाट पाहणेच सोडणे. ती तरुणामागोमाग घरात शिरली. त्याचे नाव जावलोन. त्याची आई, सगळ्यांची शराफत खाला म्हणजे मावशी, ते वाळलेले नान मांडीवर घेऊन बसली होती.

"खाला, ते परत टांगा. चूक माझी. मी अर्धंच बोलले."

"नानपायी नातू झुरतो, असंच म्हणालीस ना?"

"नानपायी नाही हो. बाप परदेशी, म्हणून नान भिंतीवर. आणि बाप परदेशी, म्हणूनच पोर उदास. दोन गोष्टी जोडीनं दिसतात, त्याला आम्ही सहसंबंध म्हणतो. पण एकीनं दुसरी घडवली, असं त्यावरून ठरत नाही. नान काढलंत, म्हणून बाप घरी येणार आहे का?"

खालाने नानवरची धूळ पदराने पुसली.

"एवढं शिकलीस, तर हे सभेतच सांगायला काय झालं होतं गं?"

नोझिमाने मान खाली घातली. जावलोनने स्टुलावर चढून नान जागेवर टांगले... आणि उतरताना तिच्याकडे पाहून तो पहिल्यांदाच हसला.

पुढे दर आठवड्याला ती मुलांना एकच प्रश्न विचारायला येई: एक ते दहांत आज उदासी किती? आणि दर आठवड्याला जावलोन थांब्यावर हजर असे.

"माझीही मोजा की."

"तुम्ही मूल आहात का?"

"तुम्ही आलात की दोन. बस सुटली की नऊ."

"म्हणजे दोष बसचा!"

"असं घाईनं कारण चिकटवू नये – एक बाई सांगत होत्या."

ती हसू लपवायला तोंड फिरवी; तोवर कोळशाच्या धुरात बसचे दिवे दिसू लागत.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फाचा चिखल झाला. त्या दिवशी जावलोन चेष्टा करेना.

"परवा निघतोय. रशियात, समाराला... भावाच्याच कामावर."

तुतीच्या बोडक्या खोडांकडे पाहत ती उभी राहिली. त्याने रुमाल उलगडला. आत ताजे नान होते, एक घास खाल्लेले.

"हे खालांकडे ठेवायचं असतं."

"आईला विचारलं. म्हणाली, आधी ती पोर घेते का बघ."

घेणे म्हणजे वाट पाहण्याचे वचन देणे. असे वाट पाहणे काय करते, हे तिने स्वतः मोजले होते.

"किती वर्षं?"

"भाऊ एक म्हणाला होता. त्याला चार झाली." त्याने नजर चोरली नाही. "तुम्हाला खोटं नाही सांगणार. नाही म्हणालात तरी..."

तिने नान घेतले. अजून कोमट होते.

"नानमुळे काही होत नसतं," ती कशीबशी म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग रडू का येतंय?"



एक मार्चला संध्याकाळी समाराहून फोन आला.

"उदासी किती?" जावलोनने विचारले.

"आठ. तुमची?"

"आठच."

"एका जोडीवरून सहसंबंध काढता येत नाही," ती म्हणाली.

"मग उद्या परत विचारतो."

तो रोज विचारत राहिला. मार्चअखेर जोड्या एकतीस झाल्या. दोघांची उदासी जोडीनेच चढत-उतरत होती. सहसंबंध गुणांक: ०.८२.